सल्ला देणाऱ्याचं काय जातं?

मी हिंगणघाटच्या एका गिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो. शिक्षण दहावी आणि अर्धं आयटीआय. बाकीचं जे काही शिकलो ते विहारातल्या कपाटातल्या पुस्तकांनी शिकवलं. म्हणून हा लेख विद्वानाचा समजू नका. एका बाईनं मला भर रस्त्यात एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, ते इथं शोधतो आहे.

तिसरी पाळी करून सकाळी घरी चाललो होतो. वस्तीच्या नळावर ती माय उभी होती. तिचा पोरगा आपल्या अभ्यासवर्गात यायचा. मी सवयीनं "जयभीम माय" म्हटलं. तिनं जयभीम घेतला आणि म्हणाली, "तुमचं भाषण झालं बावा, टाळ्या झाल्या. माह्यं पोट्टं गेलं ना गा. तुमचं काय गेलं?"

पोरगा मेला नाही. जिवंत आहे, बुटीबोरीला एका कारखान्यात पॅकिंगचं काम करतो. पण तो घरी येत नाही, विहारात येत नाही. 14 एप्रिलला मिरवणुकीत दिसत नाही. आम्हाला तोंड चुकवतो.

झालं ते असं. दहावीला त्याला चांगले टक्के पडले. आम्ही विहारात त्याचा सत्कार केला, हार घातला. माईक माझ्या हातात होता. मी म्हणालो, "बाबासाहेबांचं नाव काढ. इंजिनिअर हो. समाज तुझ्याकडं पाहून राहिला." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पोरगा खाली मान घालून उभा राहिला. ती मान लाजेनं खाली गेली असं मला वाटलं. भीतीनंही जात असेल, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. त्याला काय आवडतं हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं. त्यानं सायन्स घेतलं. अकरावीत त्याचं गणित सुटलं, बारावीत तो नापास झाला. त्या दोन वर्षांत आमच्यापैकी किती जण त्याच्या घरी गेले? एकही नाही. आम्ही पुढच्या सत्काराच्या तयारीत होतो.

माय म्हणाली ते खरं आहे. सल्ला दिला मी, किंमत मोजली त्यानं.

आता माझी गोष्ट. ती सांगितली नाही तर तुम्ही म्हणाल की हा फक्त आपल्याच लोकांना बोल लावतो. 2016 साली मी दहावीला होतो. त्याच वर्षी सरकारनं दहावीच्या पोरांची कल चाचणी सुरू केली. पोरगा कशाकडं झुकतो ते पाहून सात क्षेत्रं दाखवायची: शेती, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. पुढं काही वर्षांत ती चाचणी बंदही पडली. आमच्या हाती कागद आले. माझ्या कागदावर काय होतं ते मी सांगत नाही, कारण तो कागद घेऊन माझ्यासंगं कोणी बसलंच नाही. दाखल्याबरोबर तोही पिशवीत गेला. मला सायन्स घ्यायचं होतं. वर्गशिक्षक म्हणाले, "तुमच्याइकडच्या पोरांले सायन्स झेपत नाही. फिटर कर, लवकर पोटाला लागशील."

हे सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला दोनदा परीक्षेची फी भरून दिली होती. आमच्या घराची हालत त्यांना ठाऊक होती आणि त्यांनी माझं भलंच चिंतलं. मला भयंकर वाटतं ते हेच. शत्रूचा सल्ला माणूस झिडकारतो. भलं चिंतणाऱ्याचा सल्ला थेट हाडात उतरतो. "झेपत नाही" हे दोन शब्द मी किती वर्षं माझेच समजून वागवले! पुढं बाप आजारी पडला, आयटीआय अर्ध्यात सुटलं आणि मी गिरणीत बदली म्हणून लागलो.

फिटरचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. हातानं काम करणाऱ्याला कमी लेखायचं तर आधी मला माझ्या मायबापाला कमी लेखावं लागेल. प्रश्न वेगळा आहे. ते काम मी निवडलं, की माझी जात पाहून दुसऱ्यानं निवडलं?

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. सरांनी माझं स्वप्न छाटलं. मी त्या पोराच्या डोक्यावर स्वप्न लादलं. एकाच्या तोंडी "तुला झेपत नाही", दुसऱ्याच्या तोंडी "तुला हे केलंच पाहिजे". वरून पाहिलं तर दोन टोकं. सरांना माझ्यात जात दिसली, मला त्या पोरात समाज दिसला. पोरगा दोघांनाही दिसला नाही. आणि दोघेही बोलून मोकळे झालो. सर त्यांच्या पेन्शनकडं गेले, मी माझ्या पाळीला गेलो.

म्हणून माझा पहिला मुद्दा असा की सल्ला देणं हे फुकटचं पुण्य नाही. पंधरा वर्षांच्या पोराला "हे कर" म्हणणं म्हणजे त्याच्या आयुष्यातली दहा-पंधरा वर्षं खर्ची घालणं. दुसऱ्याचा पैसा खर्च केला तर आपण हिशोब मागतो. दुसऱ्याची वर्षं खर्च करणाऱ्याला हिशोब कोण मागतो? ज्याला चुकीच्या सल्ल्याची काहीच झळ लागणार नाही, त्याला सल्ला देण्याचा हक्क आहे का?

तुम्ही म्हणाल, मग गप्प बसायचं का? नाही. गप्प बसणं हाही सल्लाच आहे, आणि तो आपल्या पोरांना सगळ्यात जास्त मिळतो. डॉक्टरच्या पोराला घरात, जेवताना, पाहुण्यांच्या बोलण्यात रोज सल्ला मिळत असतो. कोणता विषय घ्यायचा, कोणता फॉर्म कधी निघतो, कोणत्या कॉलेजात काय चालतं, हे त्याला न विचारता कळतं. आपल्या पोराच्या घरात हे सांगणारं कोणी नाही, कारण त्या घरात तिथवर कोणी गेलेलंच नाही. श्रीमंताकडं वारशात शेती येते, घर येतं आणि ही माहितीही येते. तिला कोणी सवलत म्हणत नाही.

आता एक खरा दाखला घेऊ. तुम्हाला माहीत आहे, पण या बाजूनं पाहिला नसेल.

मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत अख्खं कुटुंब. अभ्यासाला जागा नाही. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते. शाळा सुटली की चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचे. त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यायचे. ते शिक्षक होते, पण भीमरावांच्या शाळेचे नव्हेत. त्यांच्यावर कसली जबाबदारी नव्हती, कोणी नेमलेलं नव्हतं. त्यांना एक पोरगा रोज एकटा वाचताना दिसला. त्यांनी विचारपूस केली आणि मग आपल्याजवळची पुस्तकं त्याला वाचायला दिली. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सी. के. बोल्यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. तिथं केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. हारतुरे झाले, पण काम तिथं थांबलं नाही. पुढं कॉलेजच्या खर्चाचा प्रश्न आला तेव्हा हेच केळुसकर सयाजीराव गायकवाडांपर्यंत पोचले आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

क्रम ध्यानात घ्या. आधी पाहिलं. मग विचारलं. मग पुस्तक दिलं. वर्षानुवर्षं संबंध ठेवला. आणि जिथं पोराच्या हातानं दार उघडणार नव्हतं, तिथं स्वतः जाऊन दार वाजवलं. पुढं त्या पुस्तकाचं काय झालं, 1956 साली नागपूरला काय घडलं, हे मी आपल्याला सांगायला नको. केळुसकरांना ते 1907 साली ठाऊक असणं शक्य नव्हतं. त्यांनी भविष्य सांगितलं नाही. पुस्तक दिलं आणि पुढचं पोरावर सोडलं.

त्याच शाळेच्या दिवसांतली दुसरी बाजूही बघा. बाबासाहेबांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्याच्या पोराला संस्कृत मिळेना, पर्शियन घ्यावं लागलं. पुढं संस्कृत त्यांनी स्वतःच्या जोरावर मिळवलं. कोणता विषय घ्यावा हा प्रश्न दिसायला साधा आहे. पण याच खिडकीपाशी व्यवस्था बसलेली असते. शाळेच्या फाटकात आता अडवत नाहीत. अडवतात ते विषय निवडताना, तेही गोड बोलून.

आपल्या वर्ध्यात तर शिक्षणाची मोठी चर्चा झाली. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला इथं परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते. मग झाकीर हुसेन समितीनं आराखडा केला: सात ते चौदा वर्षांपर्यंत मोफत सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि हस्तोद्योगाभोवती. तिला वर्धा योजना, नई तालीम म्हणतात. ती सगळ्या जातींच्या पोरांसाठी होती, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. शिक्षकानं पोरांसंगं काम करावं, एकेकाला ओळखावं, ही तिच्यातली गोष्ट मला आजही पटते. पण ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चामडं, झाडू आणि ओझं हेच हस्तोद्योग होते, त्याच्या कानाला "हातानं शीक" हे शब्द वेगळे लागतात. ज्याला पुस्तक जन्मतः मिळालं त्याला हात शिकवा, ठीक आहे. ज्याचे हात जन्मतः झिजले त्याला आधी पुस्तक द्या. एकच सल्ला दोन पोरांना दिला म्हणून तो समान होत नाही. कोण कुठं उभा आहे ते पाहून सल्ल्याचा अर्थ बदलतो.

याचा आणखी एक दाखला माझ्या घरातला. 1956 नंतर आपली माणसं बौद्ध झाली. महाराष्ट्रानं नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना जागा मिळायला 1990 साल उजाडलं. मधल्या काळात माझ्या आज्याला शाळेतून सांगण्यात आलं, "बौद्ध कायले लिहिता? जुनीच जात लिहा, पोराचं नुकसान होईल." आज्यानं एका पोराच्या दाखल्यावर एक लिहिलं, दुसऱ्याच्या दाखल्यावर दुसरं. तो सल्ला चूक होता का? पोटाच्या हिशोबानं बरोबर होता. माणूसपणाच्या हिशोबानं तो माणसाला त्याचं नवं नाव खोडायला लावत होता. मला याचा सोपा निकाल देता येत नाही. एवढंच म्हणतो की आज्यासमोर दोन्ही बाजू कोणी मांडल्या नाहीत. परिणाम सांगून निवड त्याच्या हाती दिली असती, तर त्यानं जे लिहिलं असतं ते त्याचं झालं असतं. आणि त्या दोन दाखल्यांपायी पुढं जात पडताळणीत आम्ही किती चकरा मारल्या, ते वेगळंच.

इथं कोणी धम्म वाचलेला दोस्त मला अडवेल. म्हणेल, बुद्धानं तर स्वतःच स्वतःचा दीप व्हा म्हटलं, मग सल्लागार हवा कशाला? मीही यावर बरेच दिवस अडलो होतो. पण त्याच बुद्धाला आनंदानं विचारलं की कल्याणमित्र मिळणं म्हणजे अर्धा धम्ममार्ग ना? बुद्ध म्हणाले, अर्धा नाही, सगळाच. मला यात विरोध दिसत नाही. दिवा आपला असतो, पण अंधारात काडी कुठं आहे ते कोणीतरी सांगावं लागतं. सिगालोवाद सुत्तात गुरूची कर्तव्यं सांगितली आहेत. नीट शिकवणं त्यात आहेच. शिवाय शिष्याची आपल्या ओळखीच्यांत ओळख करून देणं आणि सर्व दिशांनी त्याला सांभाळणं, हेही त्यात आहे. केळुसकरांनी दुसरं काय केलं?

म्हणजे कल्याणमित्र आणि मालक यांत फरक आहे. मालक म्हणतो, मी सांगतो तसं कर. कल्याणमित्र म्हणतो, रस्ते हे असे आहेत, या रस्त्यावर हा खड्डा आहे, त्या रस्त्यावर तो. तू ठरव, आणि पडलास तर मी इथंच आहे. शेवटचं वाक्य ज्याला म्हणता येत नाही त्यानं पहिली वाक्यं बोलू नयेत.

आपल्या चळवळीत अशी माणसं झाली आहेत. नागपूरच्या जाईबाई चौधरी नागपूर ते कामठी डोक्यावर ओझी वाहत होत्या. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि 1920 च्या दशकात त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा चालवली. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं 1925 साली सोलापूरला वसतिगृह काढलं. सभेला ठाऊक होतं की "शिका" एवढं म्हणून भागत नाही. पोरगा झोपेल कुठं, जेवेल काय, दिव्याला तेल कोण देईल, हेही पाहावं लागतं. आणि त्याही आधी, 1855 साली, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. चौदा वर्षांची पोर धर्माला प्रश्न विचारते! तिला आधी कोणीतरी बोलू दिलं असलं पाहिजे. ज्या शाळेत पोराला बोलता येत नाही तिथं सल्लागार नेमून काय उपयोग?

सल्लागार नेमण्याची गोष्ट आता कायद्यानंही आली आहे. 25 जुलै 2025 ला सुप्रीम कोर्टानं विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर देशभरासाठी निर्देश दिले. ज्या शिक्षणसंस्थेत शंभर किंवा जास्त विद्यार्थी आहेत तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असला पाहिजे. लहान संस्थांनी बाहेरच्या जाणकारांशी बांधणी करावी. परीक्षेच्या आणि बदलाच्या काळात लहान गटांना मार्गदर्शक द्यावेत. मार्कांवरून पोरांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत लाजवू नये. आपण हे कागद हातात घेऊन आपल्या तालुक्यातल्या हायस्कुलांत गेलं पाहिजे आणि हेडमास्तरांना नम्रपणे विचारलं पाहिजे, "सर, आपल्या शाळेत कोण आहेत?"

पण पद भरलं म्हणजे काम झालं असं नाही. 17 जानेवारी 2016 ला रोहित वेमुला गेला, 22 मे 2019 ला पायल तडवी गेली. एक विद्यापीठात होता, दुसरी मेडिकल कॉलेजात. आपल्या पोराचं दुखणं नुसत्या मनाचं नसतं. ते वर्गात, बाकावर, हजेरीपटातल्या आडनावावर असतं. जो समुपदेशक म्हणेल की "जात मनातून काढून टाक, सगळं ठीक होईल", तो ताप आलेल्याला थर्मामीटर फोडायला सांगतो आहे.

मग काय करायचं? गिरणीत आम्ही काय करतो ते सांगतो. नवा पोरगा खात्यात आला की त्याला एकटा सोडत नाहीत. जुन्या हाताजवळ उभा करतात. धागा तुटला की कसा जोडायचा ते जुना माणूस दाखवतो. पोराचा धागा पुन्हा पुन्हा तुटला, वाया गेलेल्या कापसाचा ढीग झाला, तर जॉबर पोराला बोलतो आणि जुन्यालाही बोलतो, "तू होतास ना गा इथं?" सुताची एवढी काळजी आपण घेतो.

हायस्कुलात यापेक्षा मोठं काही लागत नाही. दहा-बारा पोरांमागं एक मोठं माणूस. आठवी ते दहावी तीन वर्षं तेच, दरवर्षी बदलणारं नाही, कारण विश्वास एका वर्षात बसत नाही. आठवड्यातला एक तास, त्यात शिकवणी नाही, भाषण नाही. पोरगा बोलेल, मोठं माणूस ऐकेल. शाळा हे करेल तर उत्तम, ते तिचंच काम आहे आणि ते आपण मागत राहू. ती करेपर्यंत विहार आहे.

विहारात आपण कोणत्या गोष्टी पाहायच्या? आठवीतच पोराची कागदं पाहा. अनुसूचित जातीच्या दाखल्याला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. आज्याचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकाची नक्कल शोधायला दहावीच्या निकालानंतर धावलं तर वेळ गेलेली असते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 सालापासून आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात होते तेव्हापासून. ती आजही पोराला स्वतः होऊन शोधत येत नाही, महाडीबीटीवर अर्ज भरावा लागतो. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. हे सगळं त्याच्या मायबापाला, त्यांच्या भाषेत, त्यांच्या ओसरीवर बसून सांगा. आयटीआय काय, नर्सिंग काय, सायन्स काय, प्रत्येक रस्त्याला किती वर्षं आणि किती पैसे लागतात ते सांगा. तिथून पुढं गेलेल्या आपल्याच एखाद्या ताईला बोलवा. मग गप्प बसा आणि पोराला विचारा, "तुले काय वाटते?" तो लगेच उत्तर देणार नाही. त्याला आजवर कोणी विचारलेलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा विचारा.

आणि सत्कार करायचाच तर नापास झालेल्याच्या घरी आधी जा. हार घेऊन नको. फेरपरीक्षेचा फॉर्म घेऊन जा.

दोस्तहो, बाबासाहेबांचं नाव काढ असं पोराला सांगणं सोपं आहे. आपल्यापैकी कितींना केळुसकर व्हायचं आहे? त्यांचे पुतळे चौकाचौकांत नाहीत, त्यांच्या नावानं मिरवणूक निघत नाही. चळवळीला ते काम लागतं, आणि त्यात टाळ्या नाहीत.

त्या मायला मी अजून उत्तर दिलेलं नाही. "माह्यं काहीच गेलं नाही माय," हेच खरं उत्तर आहे, आणि तोच माझा गुन्हा आहे. येत्या सुटीला मी बुटीबोरीला जाणार आहे. त्याला परत सायन्स घे म्हणायला नाही. त्याच्यासंगं चहा प्यायला, आणि जे चार वर्षांपूर्वी विचारायचं राहून गेलं ते विचारायला. तो बोलला नाही तर पुढच्या सुटीला परत जाईन.

जयभीम.